मुलगा ‘ॲडम’ झालाय, आईने नाटक बघावं का?

प्रिय ताई,

मी वसईची. मराठी शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे आणि अजूनही दर रविवारी मिस्सानंतर मुलांना धर्मशिक्षण देते. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला नोकरी करतो. यंदा नाताळला आम्ही दोघं त्याच्याकडे जाणार आहोत, विमानाची तिकिटंही झालीत. परवा त्याने फोनवर सांगितलं, की तिथल्या एका हौशी ग्रुपच्या नाटकात तो काम करतोय आणि पहिल्या प्रयोगाला आम्ही पुढच्या रांगेत हवे आहोत. मी हरखलेच. लहानपणी आमच्या धर्मग्रामातल्या नाताळच्या नाटुकलीत तो सराईवाला व्हायचा. मरिया-योसेफला ‘जागा नाही’ म्हणताना आपल्या बोलीतलं एखादं वाक्य पदरचं घालायचा आणि सगळ्यांत आधी फादरच हसायचे.

मग त्याने विषय सांगितला. बायबलच्या गोष्टी, पण आदामाबरोबर हव्वा नाही, स्टीव्ह! दोन पुरुष. शिवाय दोन बायकांची एक जोडी. पॉल रुडनिक नावाच्या लेखकाचं विनोदी नाटक आहे म्हणे. आमचा मुलगा त्यात आदाम, म्हणजे ‘ॲडम’. मिस्टर म्हणाले, मी तिथे पाऊल ठेवणार नाही. जावेने फेसबुकवर पोस्टर पाहिलं आणि लगेच चार घरी जाऊन सांगितलं.

असं नाटक बघणं म्हणजे देवाची निंदा ऐकून घेणं नाही का? तिकडचं सरकार परवानगी तरी कसं देतं? मी गेले, तर पापनिवेदनात ते सांगावं लागेल का? आणि जावेला काय उत्तर देऊ?

– एक आई

ता. क. मुलगा पस्तिशीला आलाय, लग्नाचं नाव काढत नाही. पण तसलं काही नाहीये. नाटकात काय, कोणीही काहीही होतं.

*

बाई, नमस्कार.

आधी नाटकाबद्दल बोलू, कारण तुम्ही फोनवर ऐकलेल्या चार वाक्यांवर घाबरला आहात आणि तुमच्या जाऊबाई एका पोस्टरवर. मी प्रयोग पाहिलेला नाही, संहिता वाचली आहे.

नाटकाचं नाव ‘द मोस्ट फॅब्युलस स्टोरी एव्हर टोल्ड’. ते 1998 च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या विल्यम्सटाउनच्या नाट्यमहोत्सवात आलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्कला. लेखक रुडनिक ज्यू आहेत, समलिंगी आहेत आणि जन्माने न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेचे. एडिसनला लागूनच आहे ते, म्हणजे तुमचा मुलगा लेखकाच्या गावाशेजारीच प्रयोग करतोय म्हणा ना. अमेरिकेत समलिंगी लोकांच्या विरोधात एक घोषणा वर्षानुवर्षं दिली जायची: देवाने ॲडम आणि ईव्हला घडवलं, ॲडम आणि स्टीव्हला नाही. रुडनिकनी ती घोषणा शब्दशः घेतली. बरं, समजा घडवलं असतं, तर? एवढ्या एका ‘तर’वर नाटक उभं आहे.

पडदा उघडतो तेव्हा स्टेज मॅनेजर बाई आपल्या टेबलाशी बसलेली असते आणि एकेक क्यू, म्हणजे आता काय व्हायचं याचा इशारा, देत जाते. तिने क्यू दिला, की उजेड होतो. म्हणजे ‘प्रकाश होवो’ म्हणणारी ती. तुमच्या मुलाने हौशी रंगभूमीवर काम केलंय, तेव्हा ही गंमत त्याला किती भिडली असेल बघा. नटाच्या लेखी विंगेतून क्यू देणारा माणूस देवच असतो, त्याने झोपा काढल्या तर सृष्टी अंधारातच राहायची. पुढे एदेन बाग, नोहाचं तारू, फारोचा मिसर देश आणि येशूजन्मापर्यंतचा प्रवास पहिल्या अंकातच उरकतो. विनोद भराभर येतात. काही फार छान आहेत, काही नुसतेच चावट, आणि काही पंचवीस वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्ककरांसाठी लिहिलेले, जे आता तिथल्या लोकांनाही कितपत कळत असतील देव जाणे.

दुसऱ्या अंकात तीच माणसं एकदम आजच्या मॅनहॅटनमध्ये येतात. ‘आजच्या’ म्हणजे 1998 च्या. नाताळच्या आदल्या रात्री मित्रमंडळी ॲडम आणि स्टीव्हच्या घरी जमली आहेत. त्यांच्यातल्या जेनला दिवस भरलेत, व्हीलचेअरवरून एक ज्यू धर्मगुरू बाई येतात, आणि स्टीव्हला एचआयव्ही आहे. त्या पिढीने मित्र एकामागून एक जाताना पाहिले होते, चांगली औषधं 1996 च्या सुमारास नुकती कुठे हाताशी आली होती. सगळा पहिला अंक हसण्यात घालवून लेखक इथे विचारतो, की आता सांगा, वर कोणी आहे का? माझ्या मते नाटकाचा जीव इथे आहे. पहिल्या अंकाच्या टाळ्यांमुळे तो झाकला जातो, ही त्या नाटकाची अडचण.

आता तुमच्या कामाची गोष्ट. या नाटकात स्टीव्ह संशयी आहे, त्याला देवबीव काही पटत नाही. शोधतो कोण, तर ॲडम. हे सगळं कोणी केलं, का केलं, आपण इथे कशाला आहोत, असं पहिल्या प्रवेशापासून विचारत सुटलेला तो एकटा. दर रविवारी धर्मशिक्षण देणाऱ्या बाईंच्या मुलाला नेमकी हीच भूमिका मिळावी, याचं मला तरी हसू आलं. दिग्दर्शकाने माणूस बरोबर हेरलाय.

एक सूचना मात्र आत्ताच देते, म्हणजे पुढच्या रांगेत बसून तुमचा श्वास अडकायला नको. एदेन बागेत कपडे नव्हते, हे तुम्हीच मुलांना शिकवता. न्यूयॉर्कच्या मूळ प्रयोगातही ते नव्हते. हौशी ग्रुप सहसा यातून काहीतरी वाट काढतात, पण गृहीत धरू नका. मुलाला फोन करा आणि सरळ विचारा, ‘बाळा, कपडे आहेत ना?’ तो हसेल आणि खरं ते सांगेल. उत्तर ‘नाहीत’ असं आलं, तर पाचव्या-सहाव्या रांगेतली तिकिटं मागून घ्या. त्यात गैर काही नाही. पस्तिशीच्या मुलाला बघायचा आईचा हक्क कुठेतरी संपतोच.

आता देवनिंदेकडे येते. बायबलमध्ये विनोद नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर कपाटातलं फादर दिब्रिटोंचं ‘सुबोध बायबल’ काढा. वसईच्या शिक्षिकेच्या घरी ते असणारच. उत्पत्तीचा 18 वा अध्याय बघा. नव्वदीला टेकलेली सारा तंबूच्या दाराआड उभी राहून देवाचं आश्वासन ऐकते आणि हसते. देव विचारतो, का हसलीस? ती म्हणते, मी कुठे हसले! देव म्हणतो, नाही, हसलीसच. हा संवाद कोणी रंगमंचावर नुसता वाचला तरी टाळी पडेल. गणनाच्या 22 व्या अध्यायात बलामाच्या गाढवीला देवदूत दिसतो, आणि गाढवीवर बसलेल्या मोठ्या द्रष्ट्याला दिसत नाही. शेवटी गाढवीच त्याला विचारते, मला का मारतोस? आणि योना संदेष्टा! निनवे शहरातले लाखभर लोक वाचले म्हणून रुसून बसलेला आणि डोक्यावरची वेल वाळली म्हणून मरण मागणारा.

चर्चच्या सावलीतही ही थट्टा जुनीच आहे. चौदाव्या-पंधराव्या शतकात इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कारागिरांचे संघ बायबलचे प्रसंग रस्त्यावर करत. नोहाचं तारू बांधण्याचा प्रवेश जहाज बांधणाऱ्यांकडे आणि जलप्रलयाचा कोळ्यांकडे. त्या नाटकांतली नोहाची बायको चांगलीच कजाग. पाणी चढतंय, प्राणी आत गेलेत, आणि ही बाई तारवात चढायला तयार नाही. वेकफील्डच्या नाटकात तर येशूजन्माच्या रात्री मॅक नावाचा चोर मेंढी पळवतो आणि पाळण्यात गुंडाळून ठेवतो, बायको बाळंतीण झाल्याचं सोंग करते. मेंढपाळ बाळ बघायला वाकतात, तर लांब थोबाडाचं बाळ! त्यानंतर तेच मेंढपाळ बेथलेहेमला जाऊन खऱ्या पाळण्यापुढे गुडघे टेकतात. बघणारे लोक श्रद्धाळूच होते. आपल्याकडे गवळणीतली मावशी कृष्णाला वाट्टेल ते ऐकवते, आणि फडातली तीच माणसं आधी गणापुढे हात जोडून आलेली असतात. तुमच्या सराईवाल्याच्या पदरच्या वाक्याला फादर हसायचे, ते काय त्यांची श्रद्धा पातळ होती म्हणून?

तरीही तुम्हाला एखादा विनोद लागेल. एखादा खरोखर जिव्हारी लागेल, विशेषतः मरियेच्या आसपासचा. लागू द्या. प्रयोगानंतर मुलाला सांगा, ‘हे मला आवडलं नाही.’ आईला सगळंच आवडायला हवं, अशी कोणाची अट नाही.

सरकार परवानगी कशी देतं, असं तुम्ही विचारलंत. तिकडे सरकारला विचारतच नाहीत. नाटकाची संहिता आधी सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवायची, ती ‘पास’ झाल्यावरच प्रयोग करायचा, ही पद्धत आपल्या महाराष्ट्रातली. अमेरिकेत नाटक करणारा करतो, निषेध करणारा दाराबाहेर फलक घेऊन उभा राहतो. ते नेहमी शांतपणे होतं असं नाही. 1998 मध्येच न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन थिएटर क्लबमध्ये टेरेन्स मॅकनॅली यांचं ‘कॉर्पस क्रिस्टी’ येणार होतं. त्यात येशूसारखा नायक आणि त्याचे शिष्य समलिंगी दाखवले आहेत, आणि ते नाटक रुडनिकच्या नाटकापेक्षा पुष्कळ गंभीर आहे. धमक्या आल्या, थिएटरने नाटक रद्द केलं. मग इतर नाटककार चिडले. दक्षिण आफ्रिकेच्या ॲथॉल फुगार्ड यांनी तर निषेध म्हणून स्वतःचं नाटक त्या थिएटरमधून काढून घेतलं. शेवटी ऑक्टोबरात प्रयोग झाला, प्रेक्षकांना मेटल डिटेक्टरमधून आत सोडून. त्याच्या आदल्याच दिवशी वायोमिंग राज्यात मॅथ्यू शेपर्ड हा कॉलेजातला समलिंगी मुलगा मारहाणीनंतर हॉस्पिटलात वारला होता. रुडनिकचं विनोदी नाटक न्यूयॉर्कला आलं ते या सगळ्यानंतर दोन महिन्यांनी. तेव्हा थट्टामस्करी म्हणून आपण ज्याकडे बघतो, ते लिहिणाऱ्यांच्या दाराशी काय उभं होतं, तेही ध्यानात असू द्या.

आणि आता तुमचा ता. क.

माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांचा खरा विषय ता. क.मध्येच असतो. ‘तसलं काही नाहीये,’ असं तुम्ही लिहिलंत. मी विचारलं नव्हतं, बाई. जावेनेही बहुधा अजून विचारलेलं नाही. तुम्ही स्वतःलाच विचारून स्वतःच उत्तर देऊन टाकलंत.

तुमचा मुलगा समलिंगी आहे की नाही, हे मला माहीत नाही आणि या नाटकावरून ते कोणालाच कळणार नाही. रावणाचं काम करणाऱ्याच्या घरी सीता कोंडलेली नसते. तेव्हा प्रेक्षागृहात पुरावे गोळा करायला बसू नका. तो स्टीव्हचा हात कसा धरतो, कुठे नजर लावतो, प्रयोग संपल्यावर कोणाला मिठी मारतो, या मोजमापात नाटक तर हुकेलच, शिवाय पुढचे सगळे दिवस त्याच्याच घरात त्याच्यावर पाळत ठेवत राहाल. मुलांना हे लगेच कळतं.

पण आहे, असं धरून चाला. मग त्याने तुम्हाला पुढच्या रांगेत का बोलावलंय? न बोलावता त्याला सहज निभावून नेता आलं असतं. तुम्ही पोहोचायच्या आत प्रयोग उरकून टाकता आले असते, विषय लपवता आला असता. त्याने फोन करून सगळं सांगितलं, आदामाबरोबर कोण आहे तेही सांगितलं, आणि आई-बाबांची तिकिटं काढून ठेवली. कदाचित त्याला काही सांगायचं असेल. कदाचित त्याला फक्त एवढंच हवं असेल, की सराईवाल्याला बघायला आलेली आई आदामाला बघायलाही यावी. दोन्हीचं उत्तर एकच आहे, जा.

प्रयोगाच्या रात्री काही विचारू नका. पहिल्या प्रयोगानंतर नट हवेत असतो, त्याला फक्त ‘जेवलास का’ आणि ‘छान केलंस’ एवढंच ऐकू येतं. नंतरच्या दिवसांतही ‘तुझं काही तसं आहे का रे?’ हा प्रश्न विचारू नका. त्यातला ‘तसं’ हा शब्दच त्याचं तोंड बंद करेल. तोंड उघडायला जागा मात्र करून द्या. स्टीव्ह आजारी आहे म्हटल्यावर मला रडू आलं, असं म्हणा. खरंच आलं असेल तरच. आणि तो काही बोललाच, तर मध्ये बोलू नका. लग्नाचं, नातवंडांचं, ‘बाबांना कसं सांगू’चं त्या दिवशी नको. चेतन दातारांचं ‘एक माधवबाग’ नावाचं मराठी स्वगत आहे, मुलगा समलिंगी आहे हे समजल्यावरच्या आईचं. कुठे प्रयोग लागला किंवा संहिता मिळाली, तर निघायच्या आधी जरूर बघा, वाचा. तुमच्यासारखीच साध्या घरातली बाई आहे ती, आणि तिला जे सुचतं ते सगळं काही शहाणपणाचं नाही. म्हणूनच ती खरी वाटते.

चर्चचं काय, हे तुमच्या मनात असणार, म्हणून गोड न करता सांगते. समलिंगी संबंध आणि विवाह यांबद्दलची कॅथलिक शिकवण बदललेली नाही. पण त्याच धर्मशिक्षणाच्या ग्रंथात, 2358 व्या परिच्छेदात, अशा माणसांना आदराने, करुणेने, हळुवारपणे स्वीकारावं आणि त्यांच्याशी अन्यायाने वागू नये असंही लिहिलंय. तुम्ही वर्गात तो शिकवता का? 2013 मध्ये ब्राझीलहून परतताना विमानात पोप फ्रान्सिस म्हणाले, की अशा माणसाचा न्याय करणारा मी कोण. त्याच वर्षाच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम 377 कायम ठेवलं, तेव्हा मुंबईचे कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशस यांनी समलिंगी माणसांना गुन्हेगार ठरवायला चर्चचा विरोध असल्याचं सांगितलं होतं. ते कलम 6 सप्टेंबर 2018 ला बोथट झालं. डिसेंबर 2023 मध्ये रोमने धर्मगुरूंना समलिंगी जोडप्यांना आशीर्वाद द्यायची मुभा दिली. विवाह म्हणून मान्यता दिली नाही, पण आशीर्वादाला हरकत राहिली नाही. चर्च या प्रश्नाशी अजून झगडतंय. त्यातून तुमच्या वाट्याला न्यायनिवाडा आलेला नाही, एक तिकीट आलंय.

मिस्टरांना ओढून नेऊ नका. ‘पाऊल ठेवणार नाही’ म्हणणाऱ्या माणसाला प्रेक्षागृहात बसवलंत, तर तो दोन तास हाताची घडी घालून खोकत राहील आणि मुलाला स्टेजवरून नेमकं तेच दिसेल. त्यांना घरी राहू द्या. फक्त एक अट घाला: प्रयोगाच्या दिवशी सकाळी मुलाला स्वतःच्या तोंडाने शुभेच्छा द्यायच्या. एवढं बहुतेक बापांना जमतं. प्रयोगाहून परतल्यावर त्यांना नाटकाची गोष्ट सांगा, तारवाची, एदेन बागेची, क्यू देणाऱ्या देवाची. तुम्ही शिक्षिका आहात, गोष्ट कशी रंगवायची हे मी सांगायला नको. पुढच्या प्रयोगाला ते निघाले, तर नवल वाटून घेऊ नका आणि वाटलं तरी दाखवू नका.

जावेसाठी मोठं भाषण तयार करू नका. ‘हो, काम करतोय, मुख्य भूमिका आहे, आम्ही बघायला जाणार आहोत.’ एवढंच, तेही हसून, मिस्सा संपल्यावर दोन-चारजणींच्या देखत. ती घरोघरी सांगत फिरलेली गोष्ट तुम्हीच चारचौघांत सांगून टाकली, की तिच्याकडे सांगायला उरतंच काय? तिने ‘पण ते समलिंगी लोकांचं आहे ना?’ असं विचारलं, तर ‘हो’ म्हणा आणि तिच्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करा.

राहिलं पापनिवेदन. मी धर्मगुरू नाही, तेव्हा पाप किती आणि प्रायश्चित्त काय हे मोजायचा अधिकार मला नाही. पण क्रमाबद्दल बोलू शकते. जायच्या आधी परवानगी मागायला जाऊ नका. न पाहिलेल्या नाटकाबद्दल तुम्ही फादरना काय सांगणार? पोस्टरच ना? तेवढं जाऊबाईंनी सांगून झालंय. आधी बघा, परत या, आणि तरीही मनाला टोचत असेल तर जा. कोणाकडे जायचं, हे मात्र तुम्ही ठरवा. नाताळच्या नाटुकलीला सगळ्यांत आधी हसणारे ते फादर अजून असतील, तर बदली झालेल्या धर्मग्रामाचा पत्ता काढून त्यांच्याकडेच जा.